मंडळीचा डावा डोळा

हंगामाच्या सणाचा रविवार. तांदूळ एकवीस किलो, तुरीची डाळ सहा किलो, बकरे दोन. हजर माणसं, मांडीवरची पोरं सोडून, एकशे सदतीस. हजेरी मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि मी दोनदा मोजते. नवे पाळक पुढे उभे, सामुएलकाका पुरुषांच्या पहिल्या रांगेत, आई बायकांच्या पहिल्या रांगेत, मार्थामावशी बाहेर चुलीपाशी, आणि माझे बाबा दाराशी, हातात बांबू घेऊन. एकशे सदतीसपैकी जागी माणसं एकशे सदतीस. त्या दिवशी जे बिघडलं ते या शेवटच्या आकड्यामुळे बिघडलं. पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव चिंचपाड्याहून आत, डोंगराच्या कुशीत. घरी आम्ही मावची बोलायचो. मराठी शाळेत, तलाठ्याकडे आणि देवाशी. म्हणजे प्रार्थना मराठीत व्हायची आणि भांडण मावचीत. इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे, एवढं वाचणाऱ्याने समजून घ्यावं. आमच्या बोलीत नवरा-बायको एकमेकांना एकेरीच बोलतात, त्यात काही कमीपणा नसतो. बाबांचं नाव याकोब. थोडी भाताची शेती, थोडी तूर, आणि नवापूरच्या एका मिलमध्ये रात्रपाळीचा पहारेकरी. बाबा पहारेकरी म्हणून फार कडक होते. रात्रभर खुर्चीला पाठ टेकवायचे नाहीत. मिलच्या मालकाने एकदा रात्री मुद्दाम भिंतीवरून उडी मारून पाहिली, तर बाबांनी त्याला धरून सकाळपर्यंत गोडाउनमध्ये बसवून ठेवलं, आणि ओळख पटल्यावर सलाम करून चहा दिला. असा माणूस. आठवडाभर पगार घेऊन जागायचा आणि रविवारी फुकट झोपायचा.

रविवारी सकाळी त्यांच्या सायकलचा खडखडाट उतारावरून यायचा. आई तोवर नागलीची भाकर आणि लसणाची चटणी करून ठेवायची. ते हापशावर अंघोळ करायचे, पांढरा सदरा घालायचे, भाकर खायचे आणि आम्ही चौघं भक्तीला निघायचो: आई पुढे, मी आणि माझा धाकटा भाऊ मध्ये, बाबा मागे, डोळे अर्धे मिटलेले. आमचं चर्च म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली सतरंज्या. मागून तिसरा खांब बाबांचा. तो खांब त्यांच्या पाठीने इतका गुळगुळीत झाला होता की पाली त्यावरून घसरायच्या. गाणी उभ्याने, तोवर बाबा ठीक. प्रार्थना डोळे मिटून, तोवरही ठीक, कारण सगळ्यांचेच मिटलेले. पण पाळकांनी उपदेशाला पुस्तक उघडलं की बाबांची मान छातीवर यायची.

त्यांच्या घोरण्याचे तीन टप्पे होते. पहिला टप्पा पाणी आटलेल्या हापशासारखा: खटक, हुश्श, खटक, हुश्श. हा शेजारच्या दोन-तीन माणसांपुरता. दुसरा टप्पा चढावर पहिल्या गियरमध्ये घातलेल्या एस.टी.सारखा, सलग आणि भरलेला. हा कुडाच्या भिंतीतून बाहेर अंगणापर्यंत जायचा. तिसरा टप्पा लिहून दाखवता येत नाही. आमची म्हैस रेडकू हरवल्यावर जसा आवाज काढायची, तो आणि फटाक्यांची माळ, हे दोन्ही एकत्र करावेत. तिसऱ्या टप्प्यात बाबा स्वतःच दचकून उठायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आमेन!" मग सगळेच म्हणायचे आमेन. आणि भक्ती संपायची. आता माझ्याकडे कुकर आहे. तीन शिट्ट्या झाल्या की मला अजूनही आमेन म्हणावंसं वाटतं, आणि एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणालेही.

लोक हसायचे. पण हसण्याचा त्रास बाबांना कधीच झाला नाही. तो सगळा आईच्या वाट्याला आला. आमच्या मंडळीत प्रत्येकाला काहीतरी काम होतं. सामुएलकाका वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी. ते दानाची थाळी फिरवायचे. मार्थामावशी स्वयंपाकाच्या मुख्य. कोणी ढोलक वाजवायचं, कोणी सतरंज्या झटकायचं, कोणी आजाऱ्यांना भेटायला जायचं. मी, सोळा वर्षांची, हजेरी मोजायची, म्हणजे जेवणाच्या पत्रावळी किती लागतील ते कळायचं. दर वर्षी कामांची वाटणी मंडळीपुढे वाचली जायची आणि दर वर्षी बाबांचं नाव त्यात नसायचं. आई घरी आल्यावर चुलीत लाकडं जरा जोरात सारायची. "सतरंजी झटकणाऱ्याचंसुद्धा नाव घेतात," ती म्हणायची. "सतरंजीवर झोपणाऱ्याचं घेत नाहीत." बाबांना तिने एकदा चिंचपाड्याच्या दवाखान्यातही नेलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कुशीवर झोपत जा. बाबांनी प्रामाणिकपणे विचारलं, "भक्तीत कुशीवर झोपलेलं बरं दिसेल का?"

मग थोरले पाळक निवृत्त झाले आणि नवे पाळक आले. शहाद्याकडचे, ऊस आणि केळीच्या मुलखातले, लग्न न झालेले, अतिशय उत्साही. ते एवढ्या जोरात सलाम करायचे की म्हातारी माणसं दचकायची. चार महिन्यांनी, हंगामाच्या सणाच्या पंधरा दिवस आधी, त्यांनी जाहीर केलं: मंडळी हे ख्रिस्ताचं शरीर आहे, शरीराला अवयव असतात, आणि या मंडळीतल्या प्रत्येक माणसाला आपण कोणता अवयव आहोत हे माहीत असलं पाहिजे. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी मांजरपाटाचं मोठं कापड आणलं, चर्चमध्ये अंथरलं, त्यावर सामुएलकाकांना उताणं झोपवलं आणि कोळशाने त्यांच्याभोवती रेघ ओढली. कापड भिंतीवर टांगलं तेव्हा ती मंडळीची आकृती होती यात शंका नाही, पण पोट सामुएलकाकांचंच होतं.

मस्तक ख्रिस्ताचं, तिथं कोणाचं नाव लिहायचं नाही, हे पाळकांनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे पहिलं भांडण मानेवरून झालं, कारण ती मस्तकाच्या सगळ्यात जवळ. मग तोंड. तोंड व्हायला नऊ जण तयार होते, कान व्हायला एकही नाही. दोन भाऊ होते, बांधावरून एकमेकांशी बोलत नसत. त्यांना पाळकांनी मुद्दाम उजवा आणि डावा हात केलं, तर ते म्हणाले, मग हात जोडायचे कसे, प्रार्थनाच बंद पडेल. मार्थामावशीच्या वाट्याला पोट आलं. ती आधी उठून निघाली.

"मावशी, पोटाशिवाय शरीर जगेल का?" पाळक तिच्या मागे धावले.

"मला पोट म्हणालात ते चालेल," मावशी म्हणाली. "पण सामुएलचं पोट नाही चालणार. मला माझ्या मापाचं काढून द्या."

शेवटी पोटाची रेघ पुसून आत ओढली गेली. सामुएलकाकांनी ते मनाला लावून घेतलं आणि उजवा डोळा मिळाल्यावरच बोलायला लागले. मी डाव्या पायाची करंगळी होते. पाळक म्हणाले, करंगळी तोल सांभाळते. मी त्या दिवसापासून आजवर करंगळीला ठेच लागली की जास्त मनावर घेते.

आईला वाचता यायचं, पण हळू. तिने माझा हात धरून मला त्या कापडासमोर नेलं. "बाबांचं कुठं आहे?" मी डोक्यापासून सुरुवात केली. केस, कपाळ, भुवया, टाचा, ढोपरं, सगळं पाहिलं. मग खालून वर पाहिलं. नाव नव्हतं. पाळक विसरले होते की मुद्दाम गाळलं होतं, ते तेव्हा कळलं नाही. आईने पदर खोचला आणि सरळ पाळकांच्या खोलीवर गेली. मी मागोमाग. पाळक स्टोव्हवर अंडं उकडत होते.

"सलाम, पाळकसाहेब. या शरीरात माझा नवरा कुठं आहे?"

पाळकांनी चमचा खाली ठेवला. "याकोबदादा? ते... बाई, मी विचार केला होता. पण ते झोपतात."

"मग झोपणारा अवयव नसतो का?"

"तसा सगळा देहच झोपतो, पण एकदम. एकच अवयव वेगळा झोपत नाही. म्हणजे, पाय झोपतो कधीकधी, मुंग्या येतात. पण ते चांगलं लक्षण नाही."

"त्याला काम द्या," आई म्हणाली. "तो मिलमध्ये जागतो. इथं जागत नाही, कारण इथं त्याला कोणी जागायला सांगितलंच नाही. याकोब सांगितलेलं मोडत नाही. तुम्ही सांगून बघा."

अंडं तडकून पाण्यात पांढरं होत होतं. पाळकांनी स्टोव्ह बंद केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "डावा डोळा रिकामा आहे," ते म्हणाले. "डोळ्याचं काम पाहणं. दाराशी उभं राहायचं. ढोरं-शेळ्या आत येऊ द्यायच्या नाहीत. आणि जो झोपेल त्याला उठवायचं."

आई परत येताना रस्ताभर हसत होती. घरी बाबा खाटेवर होते. तिने त्यांना हलवून सांगितलं, "तू डावा डोळा झालास." बाबांनी दोन्ही डोळे उघडून विचारलं, "ड्युटी किती वाजता?"

सणाच्या दिवशी आईने बाबांच्या मिलच्या दुसऱ्या, आदल्या दिवशी धुतलेल्या खाकी गणवेशावर तांब्यात निखारे भरून इस्त्री केली. बाबा शनिवारची पाळी करून आले होते, अंघोळ केली, पट्टा बांधला आणि दाराशी उभे राहिले. हातात कोळ्यांची जाळी काढायचा लांब बांबू, त्याच्या टोकाला फडकं. चर्च भाताच्या पेंढ्यांनी, भोपळ्यांनी, मक्याच्या कणसांनी, तुरीच्या शेंगांच्या जुड्यांनी भरलं होतं. धान्याची पोती, एका टोपलीत पाय बांधलेले कोंबडे. आई पहिल्या रांगेत बसली, जिथं ती कधी बसत नसे. मान अशी ताठ की मागच्या बाईला पाळक दिसत नव्हते.

पाळकांनी उपदेशाला सुरुवात केली. विषय अर्थातच शरीर. ते म्हणाले, आज आपण प्रत्येक अवयवाचा विचार करू, मस्तकापासून सुरुवात करून. आणि त्यांनी खरोखर मस्तकापासून सुरुवात केली. केस. कपाळ. भुवया, त्या घाम डोळ्यात जाऊ देत नाहीत. मग डोळा, इथं त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. पहारेकऱ्याची नजर होती ती. पापणी हलली नाही. पाळकांच्या अंगात बळ आलं. गेले चार महिने ते बोलायला लागले की हा माणूस घोरायचा, आणि आज तोच माणूस टक लावून ऐकत होता. त्यांना काय माहीत की बाबा मिलच्या फाटकाकडेही तसंच बघायचे.

नेहमीची वेळ झाली. पाळक हनुवटीवर होते. मी त्यांच्या मागच्या कापडाकडे पाहिलं आणि हिशेब केला. हनुवटीपर्यंत एवढा वेळ, तर तळव्यापर्यंत किती? उत्तर आलं ते मला पटेना, म्हणून पुन्हा केला. तेच आलं. मी शेजारच्या मुलीला हळूच सांगितलं, "आपण अंधार पडायच्या आत घरी जाणार नाही." तिने ते पुढे सांगितलं. सगळ्या बायकांच्या बाजूने एक उसासा गेला. पुरुषांत एकाची मान कलली; बाबांनी चार ढांगा टाकून फडक्याने त्याच्या नाकाला गुदगुल्या केल्या. तो शिंकून जागा झाला. मग दुसरा. आमच्या मंडळीतल्या एकाही माणसाला त्या दिवशी एक मिनिटही झोपायला मिळालं नाही. मिलमध्ये चोरी का होत नाही, ते सगळ्यांना कळलं.

आता बाहेरची गोष्ट, जी मला मागाहून मार्थामावशीने सांगितली. तिने मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती. कसली, ते तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. सतरा वर्षं ती प्रीतिभोजनाचा, म्हणजे भक्तीनंतरच्या मंडळीच्या जेवणाचा, भात एकाच हिशेबाने शिजवायची: बाबांचा दुसरा टप्पा ऐकू आला की तांदूळ टाकायचे, तिसऱ्याला उतरवायचे. तिच्याकडे घड्याळ नव्हतं आणि असतं तरी तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. आज आधण आटलं तरी दुसरा टप्पा येईना. तिने पुन्हा पाणी घातलं. तेही आटलं. लाकडं संपत आली. आणि तेवढ्यात गावाच्या चढावर नवापूरची एस.टी. पहिल्या गियरमध्ये लागली. सलग आणि भरलेला आवाज. "आला गं बाई एकदाचा," मावशी म्हणाली, आणि तिने एकवीस किलो तांदूळ ओतले.

आत पाळक तेव्हा नुकतेच खांद्यावर आले होते.

एस.टी. आली, थांबली, गेली. तिसरा टप्पा आला नाही. मावशीने झाकण उघडलं, लावलं, उघडलं. भात फुलला, मग फुटला, मग एकमेकांत मिसळला. शेवटी ती डाव हातात घेऊन, चेहऱ्यावर डाळीचे शिंतोडे, बायकांच्या दाराने आत आली आणि आईच्या शेजारी धपकन बसली. मी मागेच होते.

"तुझ्या नवऱ्याला झोपव," ती कुजबुजली.

आईला वाटलं, थट्टा. "सतरा वर्षं हसलात," ती समोर बघत म्हणाली. "आज तो डोळा आहे. आज नाही झोपणार."

"अगं, हसायला नाही आले. माझा भात गेला! तो घोरल्याशिवाय मला तांदूळ टाकता येत नाहीत. मी कायम त्याच्यावरच शिजवते."

आईने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"खोटं सांगत नाही. तुला सांगायची लाज वाटायची एवढंच."

मागची बाई पुढे झुकली. "मावशी, तू पण? मी तर पोराला त्याच्यावरच अंगावर घेते. दुसऱ्या टप्प्याला घेतलं की आमेनला बरोबर झोपतं. आज बघ कसं किंचाळतंय."

"आमच्या म्हाताऱ्याची गोळी," तिच्या पलीकडची म्हणाली. "हापसा सुरू झाला की देते."

पुरुषांच्या बाजूला सामुएलकाका दानाची थाळी मांडीवर घेऊन केव्हाचे चुळबुळत होते. तेही मान लांब करून ऐकत होते. "आणि मी थाळी कशावर उचलतो वाटतं तुम्हाला?" ते पुरुषांच्या बाजूनेच कुजबुजले, पण त्यांची कुजबुज चर्चभर ऐकू गेली. तेवढ्यात पाळक म्हणाले, "आता आपण यकृताकडे वळू," आणि एक लहान मुलगा मोठ्याने रडायला लागला.

 मी आईचा चेहरा बाजूने बघत होते. त्या दिवसासाठी तिने कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. नवऱ्याचा गणवेश, पट्टा, पहिली रांग, भिंतीवरचं नाव, सगळं एकदम मिळालं होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने सोडायचं होतं. तिने दाराकडे पाहिलं. बाबा उभे होते. डोळे जांभळासारखे झालेले, दोन्हीतून पाणी, आणि ते पुढेमागे डोलत होते, अगदी थोडं, वाऱ्यात बांबू डोलतो तेवढं. सामुएलकाकांनी त्यांना आधीच खूण केली होती बसायची. त्यांनी नकारार्थी मान हलवून आईकडे बोट दाखवलं होतं. तिने जागायला सांगितलं होतं ना.

आई उठली. पुरुषांच्या बाजूने चालत गेली, जे कोणतीच बाई करत नसे. पाळक यकृतावर थांबले. तिने बाबांच्या हातातला बांबू काढून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"बस आता."

"ड्युटी?" बाबा म्हणाले.

"तुझी ड्युटी बसून आहे. मला आत्ताच कळलं."

तिने त्यांच्या मागे भाताचं एक पोतं ओढलं. बाबा बसले. मान कुठं टेकली ते त्यांनाही कळलं नसेल. शेजारी भोपळा होता, त्यावर टेकली. पहिला टप्पा त्यांनी जवळपास गाळलाच. दोनच खटक-हुश्श, आणि थेट एस.टी. मंडळीतून असा निःश्वास गेला की पेंढ्या हलल्या. पाळकांचा चेहरा पडला. ते घाईघाईने म्हणाले, "आणि मांडी, आणि गुडघा, आणि पोटरी, यांचंही असंच," आणि तेवढ्यात तिसरा टप्पा आला. भोपळ्यामुळे तो जरा घुमला. टोपलीतले कोंबडे ओरडायला लागले. बाबा दचकून उठले.

"आमेन!"

"आमेन!" एकशे छत्तीस माणसं म्हणाली. इतकं मनापासून म्हटलेलं आमेन मी त्यानंतर कुठल्याही शहरातल्या कुठल्याही चर्चमध्ये ऐकलेलं नाही.

जेवण मात्र जे झालं ते झालं. भाताचा गोळा डावाला सोडेना. पत्रावळ उलटी केली तरी भात पडत नव्हता. मुलांनी हे करून पाहिलं आणि मग तोच खेळ झाला. मटण खाली लागलं होतं पण लोकांनी तेही मिटक्या मारत खाल्लं, कारण भूक तशी होती. संध्याकाळी भांडी भाड्याने देणारा नवापूरचा माणूस छोटा टेम्पो घेऊन आला. त्याने पातेल्यात वाकून पाहिलं आणि त्याच्या अहिराणीत विचारलं, ती मी आहे तशीच लिहिते.

"ओ मावशी, हाऊ भात शे का खळ शे?"

"भात आहे," मावशी म्हणाली. "उपदेश लांबला."

"पोस्टर चिकटाडाले बरा शे," तो म्हणाला. "मन्हं पातेलं कोन घासी आते?"

पातेलं पाळकांनी घासलं. त्यांनी स्वतःच मागून घेतलं. हापशावर उकिडवे बसून, बाह्या वर करून, राख आणि काथ्या घेऊन ते घासत होते आणि आई पाणी हापसत होती. मी आणि सामुएलकाका उगाच उभे होतो.

"बाई, मी मुद्दामच नाव गाळलं होतं," पाळक खाली बघत म्हणाले. "मला वाटायचं, ते घोरतात कारण मी वाईट बोलतो. दर रविवारी मी त्यांच्यामुळे लवकर आटपायचो आणि खोलीवर जाऊन रडायचो."

"लवकर आटपायचात म्हणून तर लोक तुम्हाला चांगला पाळक म्हणतात," आई म्हणाली. मला वाटतं, तिला हे सांत्वनच वाटत होतं.

पाळकांनी पातेलं पालथं करून बुडाला राख लावली. "मग आता कोणता अवयव लिहू त्यांना?"

सामुएलकाका म्हणाले, नाक लिहा, आवाज तिथूनच येतो. मार्थामावशी चुलीजवळून ओरडली, पोटाजवळ लिहा, माझ्याजवळ. आईने दोघांचंही ऐकलं नाही. "काही लिहू नका," ती म्हणाली. "फक्त वाटणी वाचताना नाव घ्या. याकोब, आणि पुढे काय ते सगळ्यांना माहीत आहे." ते पुढच्याच रविवारी झालं. पाळकांनी नाव घेतलं, मंडळी हसली, आणि पहिल्यांदाच आईही हसली. बाबांनी ऐकलं नाही.

हे इथं संपलं असतं, पण दोन वर्षांनी मिलने बाबांना दिवसपाळी दिली. बढती होती, पगार वाढला. बाबा रात्रभर गाढ झोपायला लागले आणि रविवारी चर्चमध्ये ताजेतवाने, टवटवीत, उपदेश ऐकत बसायला लागले. पहिल्या रविवारी पाळक सव्वा तास बोलले. दुसऱ्या रविवारी भात कच्चा होता. तिसऱ्या रविवारी सामुएलकाकांनी वडीलमंडळाची तातडीची बैठक बोलावली. कोणी म्हणालं घड्याळ घ्या. पाळक म्हणाले, घड्याळाकडे बघायला मला आठवत नाही. मावशी म्हणाली, घड्याळ घोरत नाही. बाबांना बोलावलं. ते म्हणाले, "झोप आली तर झोपतो की. पण येतच नाही, काय करू? खोटं कसं घोरू, तेही देवाच्या घरात?"

मग ठराव झाला: दर शनिवारी रात्री चर्चची राखण करायला एक पहारेकरी ठेवावा. चर्चमध्ये तेव्हा एक ढोलक, चौदा सतरंज्या आणि एक पेट्रोमॅक्स होता, आणि आमच्या गावात त्यांतलं काही कोणी चोरलं नव्हतं, चोरणारही नव्हतं. तरी ठराव एकमताने झाला. मोबदला महिन्याला एक कोंबडा. आई मागून उठून म्हणाली, कोंबडा नको, तो आरवून याकोबला उठवेल, कोंबडी द्या. तशी दुरुस्ती झाली.

पहिली कोंबडी, तांबडी, अंड्यावर आलेली, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दिली गेली. पाळकांनी ती सगळ्या मंडळीसमोर आईच्या हातात ठेवली, कारण बाबा झोपले होते.